ताशी पंचवीस

बेंगळुरूत इलेक्ट्रिक सायकल घेतलेल्या माणसाला रस्त्यात तीन प्रश्न विचारले जातात आणि ते नेहमी त्याच क्रमाने येतात. पहिला, ‘एष्टु कोट्री?’, म्हणजे केवढ्याला पडली. दुसरा, ‘मायलेज एष्टु?’ हा कन्नडमध्ये असला तरी अखिल भारतीय प्रश्न आहे. उद्या कुणी विमान विकत घेतलं तरी त्यालाही हाच विचारतील. तिसरा लगेच येत नाही. विचारणारा आधी सायकलीवरची नजर काढून माझ्या पोटापर्यंत आणतो, तिथे जरा रेंगाळू देतो आणि मग सहानुभूतीने म्हणतो, ‘डॉक्टरांनी सांगितलंय का सार्?’

डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. मी ती मजा म्हणून घेतली. पण पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या पुण्याच्या माणसाला हे वाक्य चारचौघांत उच्चारता येत नाही. आपल्याकडे मजेला निमित्त लागतं. आइस्क्रीम आणायचं तर पाहुणे यावे लागतात, हिंडायला जायचं तर वाटेत एखादं देवस्थान लागावं लागतं. तसं या वयात सायकल चालवायची तर निदान शुगर तरी वाढलेली हवी. माझी वाढलेली नाही. म्हणून मी ‘फिटनेससाठी’ असं सांगू लागलो. बेंगळुरूत हा शब्द कुठेही खपतो. ऐकणाऱ्याचं समाधान होतं. मग त्याची नजर मागच्या चाकातल्या मोटरीवर जाते आणि झालेलं समाधान मावळतं.

दुकानातल्या विशी-बाविशीच्या मुलाला मात्र असल्या शंका नव्हत्या. त्याने मला उभ्या उभ्या कायदा समजावून सांगितला. लायसन नको, रजिस्ट्रेशन नको, इन्शुरन्स नको, सर, ही सायकलच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हे प्रकरण दोन आकड्यांत मिटवलं आहे. मोटरची ताकद पाव किलोवॉटच्या आत हवी, आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचला, किंवा चालवणाऱ्याने पाय थांबवले, की मोटरने आपलं काम बंद करायला हवं. एवढं पाळलं की ती सायकल. नाही पाळलं की ते वाहन. मग नंबर प्लेट आली, आरटीओ आला, हप्ता आला. माणसाच्या पायांची ताकद किती असावी याबद्दल कायदा काही म्हणत नाही, हे माझ्या दृष्टीने सोयीचंच आहे.

काचेआड एक परदेशी बनावटीची सायकल उभी होती. तिची मोटर चाकात बसवलेली नव्हती, दोन पॅडलांच्या मधोमध होती. किंमत तीन लाखांच्या पुढे. आकडा ऐकला आणि मला व्यंकोजीराजे आठवले. इथल्या मराठी माणसाला पाहुणे आले की त्यांना मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराच्या देवळात न्यायचं, व्यंकोजीराजांनी १६६९ साली या देवाला गाव दान दिल्याची हकीगत सांगायची आणि हे शहर एके काळी शहाजीराजांची जहागीर होतं हे ठसवायचं, अशी खोड असते. मलाही आहे. पण गोष्टीचा पुढचा भाग आम्ही सहसा गाळतो. १६८७ च्या सुमारास व्यंकोजीराजांना तंजावरात बसून एवढ्या लांबचं बेंगळुरू सांभाळणं जड होऊ लागलं आणि त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना द्यायचं ठरवलं. व्यवहार पुरा होण्याआधी मोगलांचा कासीमखान मधेच येऊन शहर बळकावून बसला आणि चिक्कदेवराजाने ते अखेर त्याच्याकडून मिळवलं. तात्पर्य, किल्ला, पेठ आणि तळी यांच्यासकट अख्खं बेंगळुरू तीन लाखांना निघालं होतं. इथे तेवढ्याच पैशांत एक सायकल मिळत होती, आणि स्टँडचे पैसे वेगळे. मी मुकाट्याने देशी सायकलींच्या रांगेकडे वळलो, जिथे व्यवहार तीस-चाळीस हजारांत आटोपतो.

सायकल घरी आली. आई हल्ली आमच्याकडेच असते. ऐंशी कधीच ओलांडली आहे, पण नवीन वस्तू घरात आली की तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातल्याशिवाय ती मत देत नाही. तिने हँडलवरचा स्क्रीन पाहिला, दांड्यात कुलूपबंद बसणारी लांबट बॅटरी काढून हातात घेऊन तिचं वजन पाहिलं, बटण दाबून दिवा लावला आणि बंद केला. मग म्हणाली, “अरे, पॅडल मारायचंच आहे तर मोटर कशाला? आणि मोटर आहे तर पॅडल कशाला?”

यावर मी बोलायला सुरुवात केली, पण ती तोवर बाबांच्या सायकलीपाशी पोचली होती. बाबा सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात. तेव्हा सगळं पुणंच सायकलवर होतं. शिफ्ट सुटली की खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा निघे आणि त्यात आपला माणूस ओळखणं अवघड जाई. सायकलीला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे, डबलसीट दिसलात की पोलीस अडवत आणि अंधार पडल्यावर दिवा नसेल तर दंड होई. दिवा म्हणजे डायनॅमो. टायरच्या कडेला तो खटकन टेकवला की घर्रर्र करत फिरू लागायचा आणि पुढे पिवळा उजेड पडायचा. पाय जोरात चालले तर जास्त, दमले तर कमी, थांबले तर नाहीच. सहा व्होल्ट, तीन वॉटचं ते यंत्र. पण त्या तीन वॉटसाठी पायाला जो भार जाणवे त्यापायी बाबा चौकातला पोलीस दिसेपर्यंत डायनॅमो टेकवतच नसत. पोलिसांनाही हे माहीत होतं, आणि ते चौकाच्या अलीकडेच उभे राहत.

मी म्हटलं, “आई, असं समज, बाबांच्या पायांनी तेव्हा तीन-तीन वॉट वीज भरली. आता वीज माझ्या पायांना अडीचशे वॉट परत देतेय. व्याज आहे हे.”

“त्यांनी भरलं, तू खा,” ती म्हणाली आणि बॅटरी माझ्या हातात ठेवून आत गेली.

तिचा प्रश्न मात्र जुना आहे आणि माझ्यापेक्षा हुशार लोकांना पडून गेलेला आहे. ओहायोतल्या ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने १८९५ साली मागच्या चाकात विजेची मोटर बसवलेल्या सायकलीचं पेटंट मिळवलं. दहा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह घेणारी मोटर. गुणाकार केला तर हजार वॉट होतात. आजच्या भारतात बोल्टनसाहेबांना नंबर प्लेट लावून फिरावं लागलं असतं. म्हणजे सायकलला मोटर लावायची कल्पना सव्वाशे वर्षं जुनी. पाय आणि मोटर यांनी एकमेकांशी कसं वागायचं हे ठरायलाच पुढची जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९९३ साली जपानच्या यामाहाने ‘पास’ नावाची सायकल बाजारात आणली, तिच्यात हा संसार पहिल्यांदा नीट बसला. तिथल्या नियमाची अट अशी होती की मोटरने माणसाच्या पायांइतकाच हातभार लावायचा, त्याहून जास्त नाही. तुम्ही रुपया काढा, आम्ही रुपया घालतो. तुम्ही हात खिशात घातले की आम्हीही घातले.

माझी सायकल एवढी करारी नाही. महागातल्या सायकलीत टॉर्क सेन्सर असतो. तो तुम्ही पॅडलवर किती जोर लावला हे मोजतो आणि त्या मापाने मदत करतो. त्याला फसवता येत नाही. माझ्या सायकलीत त्याचा गरीब आणि भोळा भाऊ आहे. पॅडलच्या आसाजवळ बारीक लोहचुंबक बसवलेली एक चकती फिरते आणि शेजारचा सेन्सर एवढंच बघतो की ती फिरते आहे की नाही. जोराशी त्याला कर्तव्य नाही. परिणामी मी पाय नुसते फिरवले, म्हणजे पॅडल मारण्याचा अभिनय केला, तरी त्याला ते खरं वाटतं. तीन नंबरवर मदत ठेवायची, पाय हलकेच फिरत ठेवायचे, चेहरा थोडा कष्टी करायचा. बघणाऱ्यांना वाटतं काका मेहनत घेतायत. शिवाय हा सेन्सर जरा मागे पडतो. पाव-अर्धा फेरा झाला की मग मोटरला जाग येते, आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ती ओढत राहते. वरातीत नवरदेव थांबला तरी बँडचे दोन सूर पुढे वाजून जातात, तसं. म्हणून ब्रेकच्या दांडीतच मोटर तोडणारा स्विच दिलेला असतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याचा शोध प्रत्येकाला आपापल्या गेटपाशी लागतो.

मजेचं गणित उलगडलं ते चढावर.

आम्ही हनुमंतनगरात राहतो. इथून बसवनगुडीच्या बाजूला जायचं म्हणजे बुल टेंपल रोडपर्यंत चढायला हवं. वीसेक वर्षं मी हा रस्ता गाडीतून करत आलो आणि एवढ्या वर्षांत मला तो चढ आहे असं कधी वाटलं नव्हतं. गाडीच्या काचेतून बेंगळुरू सपाट दिसतं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे हे हवा बरी असते म्हणून ठाऊक असतं, पण ते पठाराच्या धारेवर बसलेलं आहे, म्हणजे दोन्हीकडे घरंगळतं, हे सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे बुल टेंपलच्या, टेकडीपाशी वृषभावती नदीचा उगम मानतात. तिथून पश्चिमेला उतरणारं पाणी तिच्यातून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतं. पूर्वेला लालबागच्या बाजूचं पाणी कोरमंगलाच्या नाल्याने बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे आणि मग दक्षिण पिनाकिनीकडे जातं. मधल्या धारेवर भाजीवाले, देवळं, हॉटेलं आणि आमची बँक. बँकेत जाऊन येणं म्हणजे पाणलोट ओलांडून येणं आहे, हे मला पासबुकापेक्षा मांड्यांनी आधी सांगितलं.

माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. पाच टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर. तो ताशी पंधराच्या वेगाने चढायचा तर नुसत्या वजनावरच दोनशे वॉट खर्च होतात. वारा आणि टायरचं घर्षण निराळं. बैठ्या नोकरीतला माझ्या वयाचा माणूस सलग शंभरेक वॉट काढू शकला तरी त्याने स्वतःची पाठ थोपटावी. म्हणजे साध्या सायकलीवर दोनच मार्ग उरतात: एक तर चालण्याच्या वेगाने लडखडत चढायचं, नाही तर उतरून, फोन आल्याचं सोंग करत, ढकलत न्यायचं. आणि दोन्हींत नजर असते पुढच्या टायरवर. चढ चढणारा सायकलस्वार शहर पाहत नाही. तो डांबर पाहतो, आणि डांबर संपण्याची वाट पाहतो.

मोटरने माझी मान वर केली. दीडशे-दोनशे वॉट ती घालते, उरलेले मी घालतो. श्वास लागतो, पण फासफूस होत नाही, आणि डोळे मोकळे राहतात. वर्षानुवर्षांच्या या रस्त्यावर एका जुन्या घराच्या गच्चीला सिमेंटचा नंदी आहे हे मला यंदा कळलं. एका फाटकावर मालकाचं नाव, त्याखाली बी. ए. आणि त्याखाली ‘निवृत्त’ असं रंगवलेलं आहे. निवृत्त कशातून ते लिहिलेलं नाही. मार्चमध्ये एका शाळेच्या आवारातला टॅबेबुया पानं झाडून नुसता गुलाबी झाला होता, आणि मी तो चढ संपायच्या आत पाहिला. या गावाने झाडं अशी लावली आहेत की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू होतो. गाडीतून ते झाडांच्या बुंध्यांपुरतंच दिसतं.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी याच रस्त्यावर कडलेकाई परिषे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. रस्ताभर शेंगांच्या राशी. त्या दिवसांत सायकल हाताने ढकलण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ढकलताना कळतं की हिचं वजन वीस किलोच्या वर आहे. बॅटरी संपलेली ई-सायकल म्हणजे साध्या सायकलीपेक्षा वाईट सायकल. हे दुकानातला मुलगा सांगत नाही. चार्जिंगला अर्धं युनिटही लागत नाही, हे मात्र तो दोनदा सांगतो.

आता, ही लबाडी आहे का? रविवारी पहाटे नंदी हिल्सकडे निघणारी मंडळी मला वाटेत भेटतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, गुडघ्यापर्यंत गुळगुळीत पाय, हातात न मावणारा आत्मविश्वास. साठ किलोमीटर जायचं, १४७८ मीटर उंचीच्या डोंगरावर चढायचं आणि नाश्त्याला परत यायचं, असा त्यांचा कार्यक्रम. सिग्नलला ते शेजारी थांबले की प्रथम माझ्या सायकलीकडे आदराने पाहतात, मग मागच्या चाकातल्या जाड तुंब्याकडे, आणि मग सिग्नलकडे. सायकल शर्यतींच्या जगात मोटर हा गुन्हाच आहे. २०१६ साली बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत फेमके व्हॅन डेन ड्रिस्चे या तरुण खेळाडूच्या सायकलीच्या दांड्यात लपवलेली मोटर सापडली. ती म्हणाली, सायकल माझी नाही, मित्राची आहे. सहा वर्षांची बंदी आली आणि वर वीस हजार स्विस फ्रँकचा दंड. माझ्या सायकलीतली मोटर लपवलेली नाही आणि सायकल मित्राची नाही, माझीच आहे. तिचं जीएसटीसकट बिल आहे.

शिवाय शास्त्र माझ्या बाजूचं निघालं. युरोपातल्या सात शहरांत केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात ई-सायकलवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास सारखाच भरला, कारण दर किलोमीटरला ते कमी दमतात खरे, पण जातात लांब. हे वाचून मी आईला सांगायला गेलो. ती म्हणाली, “म्हणजे मेहनत वाचली नाहीच ना? मग पैसे कशाला घातलेस?” शास्त्र बाजूचं असणं आणि आई बाजूची असणं यांत फरक आहे. आणि माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलेलं आहे. कष्ट न करता जे मिळालं ते पचत नाही, अशी आमच्या पेठेची शिकवण. घाम ही पावती. ती दाखवल्याशिवाय आनंदाचं पार्सल ताब्यात मिळत नाही. मी संध्याकाळी लालबागच्या कडेने वारा खात उतरतो तेव्हा मोटर बंद असते, पायही बंद असतात, कुणाचंच काही खर्च होत नसतं, आणि तरी आतून कुणीतरी विचारतं, हे कोणत्या खात्यात टाकायचं?

या व्यायामाचं उत्पन्न आणि खर्च यांचा हिशोब मी ठेवत नाही, कारण वाटेत गांधी बाजारचं विद्यार्थी भवन लागतं. १९४३ पासून ते तिथे आहे आणि त्याचा मसाला डोसा तुपात न्हालेला असतो. शुक्रवारी ते बंद असतं. त्यामुळे शुक्रवारचा व्यायाम तेवढा निव्वळ.

वेगाबद्दल. ताशी पंचवीस ऐकून पुण्याचे मित्र हसतात. त्यांनी बेंगळुरू पाहिलेलं नाही. टॉमटॉम कंपनीच्या पाहणीत २०२३ साली या शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी अठ्ठावीस मिनिटं आणि दहा सेकंद लागत होते. भागाकार करा, ताशी एकवीसच्या आसपास येतो. म्हणजे कायद्याने जो वेग सायकलीला धोक्याचा म्हणून ठरवून दिला आहे तो इथल्या मोटारींना स्वप्नातला आहे. मी एकदा कचेरीच्या वेळी एका पांढऱ्या जर्मन गाडीच्या मागे-पुढे होत बनशंकरीपर्यंत गेलो. दर सिग्नलला आमची गाठ पडे. शेवटी तिच्या मालकाने काच खाली केली आणि विचारलं, मायलेज काय देते?

पंचवीसच्या मर्यादेचा त्रास होतो तो दोनच प्रसंगी. एक, रात्री कुत्री मागे लागतात तेव्हा. त्यांना हा नियम लागू नाही. दुसरा प्रसंग अधिक नाजूक असतो. बेंगळुरूत आता भाड्याच्या विजेच्या गाड्या गल्लोगल्ली आहेत, बिनपॅडलच्या, बिनलायसनच्या, आणि त्यांच्यावर खाण्याच्या नाही तर किराण्याच्या पिशव्या घेतलेली पोरं. त्यांनाही कायद्याने पंचवीसच. त्यामुळे रिकाम्या रस्त्यावर असं एखादं पोर माझ्या शेजारी आलं की आम्ही दोघं बरोब्बर शेजारी-शेजारी चालत राहतो. मोटरच्या जिवावर त्याला पुढे जाता येत नाही, मलाही नाही. मागे पडणं अपमानाचं वाटतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाबरोबर असतो तेवढ्या जवळ, पण मजला येतच नाही.

साउथ एंड सर्कलकडे जाताना असाच एकजण बराच वेळ शेजारी होता. पाठीवर चौकोनी पेटारा, डोक्यावर टोपी, कानात वायर. माझं चाक खड्ड्यात आपटलं आणि तोंडातून अस्सल सदाशिव पेठी उद्गार निघाला. त्याने कानातली वायर काढली.

“काका, कुठले तुम्ही?”

“पुण्याचा. तू?”

“खानापूर. बेळगावजवळ.”

थोडं अंतर शांततेत गेलं. मग त्याने माझ्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं. “कुठल्या कंपनीचं करता, काका?”

“नाही रे, मी असाच फिरतोय.”

“असाच?”

माझी सवय मला सोडेना. “व्यायाम म्हणून.”

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग चाकातल्या मोटरीकडे. “मग मोटर बंद करा की.”

“चढ लागतो ना.”

“व्यायाम तिथंच की, काका.”

याला उत्तर नव्हतं. मी त्याला विचारलं, तुला पॅडलवाली मिळाली तर चालवशील का, भाडं कमी पडेल कदाचित. तो हसला. दिवसभर जिने चढायचे असतात म्हणाला. तीन मजली इमारतीला लिफ्ट नसते आणि पाच मजलीला असते तिथला वॉचमन आम्हाला तिच्यात घेत नाही. पाय जिन्यांसाठी ठेवायला लागतात. म्हणजे तो पाय वाचवायला मोटर भाड्याने घेतो आणि मी पाय झिजवायला मोटर विकत घेतो, आणि दोघं एकाच वेगाने एकाच रस्त्यावर. बाबांच्या वेळी खडकीच्या लोंढ्यातल्या कुणालाही सायकल चालवणं म्हणजे व्यायाम हे सांगितलं असतं तर त्याने सायकल तुमच्या हाती देऊन तुम्हालाच कामावर पाठवलं असतं.

सर्कलला त्याचं वळण आलं. वळता वळता तो मोठ्याने म्हणाला, “मजा आहे काका तुमची!” त्यात टोमणा असेलही, मला तो शोधावासा वाटला नाही. सायकल घेतल्यापासून त्या वस्तूचं नेमकं प्रयोजन ओळखणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याला मला काहीच समजावून सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवसापासून तिसरा प्रश्न आला की मी ‘मजा म्हणून’ असंच सांगतो. लोक गप्प होतात. काहींना वाटतं, दुखणं फारच गंभीर असणार.

कब्बन पार्कमध्ये रविवारी मोटारींना बंदी असते. तिथला पोलीस मला अडवायला पुढे येतो, पॅडल दिसलं की हात खाली घेतो. पॅडल कशाला, या आईच्या प्रश्नाचं हे एक उत्तर. मोटर कशाला, याचं तिने स्वतःच शोधून काढलं. गेल्या महिन्यात ती म्हणाली, “त्या सायकलीला कॅरिअर का नाही बसवून घेतलंस?” मी म्हटलं, ही तसली सायकल नाही, फिटनेसची आहे. “असू दे. नारळ नेले म्हणून तिची तब्येत बिघडणार आहे का?”

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने कॅरिअर बसवून दिलं, घट्ट करता करता किंमत विचारली, मायलेज विचारलं आणि मग स्वतःच एक चक्कर मारून आला. येताना तो इतका हसत होता की मजुरीचा विषयच निघेना, मलाच काढावा लागला. तेव्हापासून गांधी बाजार माझ्याकडे आहे. केळीची पानं, अळू, नारळ, शेवंतीच्या माळा. आणि गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी, जेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते, दोन केळीचे खुंट उभे बांधून आणायचे आहेत असं परवाच जाहीर झालं. मी नियम पुन्हा एकदा काढून वाचले. त्यांत मोटरच्या ताकदीबद्दल आहे, वेगाबद्दल आहे. आईच्या यादीबद्दल काही नाही.